आंतरी, जानेवारी

ग्वाल्हेरहून पाऊण तास.
उतरलो तर धुक्यात
फलाटाला पलीकडची बाजूच नव्हती.

काम म्हटलं तर होतं:
आत्याच्या शेताच्या खसऱ्याची नक्कल.
पटवारी दुपारनंतर येतील, म्हणाले,
म्हणजे येणार नव्हते.

बाजारात तीन दुकानं उघडी.
जुन्या टायरच्या जाळाभोवती चार कांबळी,
बोललं तर ऊब उडून जाईल
अशी गप्प.

हरबिलास गजक बांधत होता,
वड्या मोजत, ओठांतल्या ओठांत:
अडतीस, एकोणचाळीस, चाळीस
(मी दचकून पाहिलं)
इकतालीस, बयालीस.

मराठी येते?
नाही, म्हणाला. बाप माळी होता
कुणा सुभेदारांच्या बागेत,
तिथे पेरू मराठीत मोजत.
"टोकरी चालीस की थी, बाबूजी.
आगे की गिनती
किसी ने पूछी ही नहीं."

गाडी अडीच तास लेट.
बाकाचं लोखंड पँटमधून चावत होतं.
शेजारी एक कुत्रं, पोटात नाक खुपसून.
पुडा सोडला,
एकेक वडी रुमालावर मांडत गेलो
मोठ्याने, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

चाळीसला थांबलो.
उरलेल्या दोन
न मोजताच खाल्ल्या.