खोली मोजताना

खडे बाजारातून खोकं आणलं, रिक्षात मांडीवर घेऊन.
बारा हप्ते, पहिला रोख.
खोक्यावर लिहिलेलं : सगळं एकातच.
उघडलं तर सगळं सुटं निघालं,
पाच बारके स्पीकर, एक जाडजूड पेटी,
मधला डबा, आणि पिशवीभर वायर
लाल, निळी, करडी,
कांड्यांची पाटी सांडावी तशी.

वडगावातली आमची पुढची खोली.
माग विकून तीन वर्षं झाली,
फरशीत त्याचे चार बोल्ट अजून आहेत,
कापलेले, अंधारात अंगठ्याला लागतात.
मागचे दोन स्पीकर बरोबर त्यांच्यावरच आले.
मागचे. रेणू हसली, मला जरा वेळानं कळलं.

सोमनिंग आला, समोरच्या रुद्राप्पाचा धाकटा,
दातानं वायर सोलत.
तो कन्नडात विचारायचा, मी मराठीत सांगायचो,
लहानपणापासून असंच चाललंय,
पतंगाच्या मांज्यापासून.
टीव्हीवर पहिलाच प्रश्न : भाषा निवडा.
बाण खाली नेला, वर आणला.
चौदा भाषा. त्याची नव्हती. माझीही नव्हती.
"बिडरी," म्हणाला,
आणि आम्ही इंग्रजीवर बोट ठेवलं,
दोघंही नापास झालेल्या विषयावर.

मग निघाला सुपारीएवढा माइक.
तो बसायच्या जागी ठेवा, कानाच्या उंचीवर,
कुणी बोलू नका, यंत्र खोली मोजेल.
दोन उशा, त्यावर तांदळाचा डबा, त्यावर माइक.
रेणूनं मिक्सर थांबवला, मी पंखा.
एकेका कोपऱ्यातून फुस्स आवाज आला,
तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा,
आणि पाटी : आवाज फार आहे. पुन्हा करा.
पुन्हा केलं. पुन्हा तीच.
आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय.
आवाज? कसला आवाज?

सोमनिंगलाच आधी उमगलं, कानाची पाळी चोळत राहिला.
त्याच्या घरचा माग. गल्लीतला शेवटचा.
खटक्-फटक्, खटक्-फटक्,
जन्मल्यापासून ऐकतोय म्हणून
आम्हाला ऐकूच येत नव्हता.
परक्या डब्याला आला.

पळत गेला. बंद करायला लावला.

अण्णा कॉटवर, भिंतीकडे तोंड करून.
चाळीस वर्षं चार मागांच्या मधे उभे राहून
कान तिथंच ठेवून आलेले.
हाक मारली तर वळत नाहीत,
परवा शेजारी कुकरची शिटी उडाली तरी हलले नाहीत.
ते उठून बसले.
"काय तुटलं?"

मी ओठावर बोट ठेवलं. माइककडे खूण केली.
"अरे धागा तुटलाय कुणाचा तरी,
थांबलाय बघ! जा की कुणीतरी!"

आवाज फार आहे, पाटी म्हणाली.

रुद्राप्पा स्वतःच आला मग, मिशीला सुताचा कापूस,
काय मोजताय ते बघायला.
खोली, मी म्हटलं.
"टेप नाही काय?" म्हणाला,
चहा घेतला, गेला.
खटक्-फटक् सुरू झालं.
अण्णा आडवे झाले.

राहिलं मोजणं. तसंच लावलं,
कुठल्याशा डिस्कवरची आगगाडी,
ती डाव्या कोपऱ्यातून उजव्यात गेली,
भांड्यांचं फळकूट थरथरलं.
अण्णांनी वळून बघितलं, आणि हात पुढं केला,
मी पेटी कॉटजवळ सरकवली.
तिच्यावर तळवा ठेवून बसले बराच वेळ,
डोळे मिटून, तापाचा अंदाज घ्यावा तसे.
"पट्टा सैल आहे," म्हणाले. "ओढ जरा."

मी बास दोन काटे वाढवला.

"हां."

आता रोज संध्याकाळी डबा चालू केला
की तो आधी आठवण करतो :
खोली मोजायची राहिली आहे. आता मोजू?
समोर माग चालू असतो.
मी 'नंतर' दाबतो.