उत्पादनाचं वर्णन

मँचेस्टरला पहाटेचं दोह्याचं विमान उतरतं
तेव्हा लाल फलकाखाली सहसा कुणी येत नाही.
लोकांना हिरवाच आवडतो.
या बाई मात्र आपणहून आल्या,
कौसल्या थोरवत, गाव शिराळ्याच्या वर कुठंतरी,
ट्रॉली ढकलत नव्हत्या, मागून ओढत होत्या.
माझ्या बिल्ल्यावरचं सातार्डेकर वाचून
सरळ मराठीतच म्हणाल्या, "सांगायचं हाय."

लोणचं चाललं. मेतकूट चाललं.
सांडग्यांकडे ट्रेव्हरनं दोनदा पाहिलं, तेही चाललं.
मग टॉवेलात गुंडाळलेली, गोठवून आणलेली
दोन लिटरची बाटली. आत पिवळं, दाट,
कडेनं सुटायला लागलेलं.
"चीक हाय," म्हणाल्या.

फॉर्मवर एक रकाना असतो: उत्पादनाचं वर्णन.
सात वर्षं मी तो भरतेय.
"झाडपाल्याचं औषध" लिहिलंय,
एकदा "देवाचे तांदूळ" लिहूनही निभावलंय.
पण चीक?
कोलोस्ट्रम येत होतं मला,
मुलाच्या वेळी नर्सनं शिकवलेला शब्द,
पांढरा, धुतलेला, गोठ्याचा वास नसलेला.
पेनातून उतरेना.
मग जसं ऐकलं तसंच इंग्रजी अक्षरांत ठेवलं.

ट्रेव्हरनं चष्मा कपाळावर चढवला.
"गाल? दोन लिटर गाल?"
मग म्हणाला, "की उद्धटपणा?
तो बाहेरून कशाला आणायचा, इथं कमी आहे?"

आम्ही का हसलो ते बाईंना कळलं नाही.
त्या सांगतच होत्या,
बांडी मंगळवारी व्याली, विमान गुरुवारचं,
सुनेला सातवा लागलाय, खरवस खरवस करतीय,
हितं दूध मिळतं म्हणं, पण नुकत्या व्यालेल्या गाईचं
कोण देतंय?
मी उलथं करून सांगत गेले:
गाय, वासरू, पहिल्या दिवसाचं दूध,
वाफेवर ठेवलं की आपोआप थिजतं,
गूळ, वरून जायफळ.

जायफळाशी ट्रेव्हर थांबला.
"बीस्टिंग्ज," म्हणाला.
मला वाटलं, मधमाशीचं काही सांगतोय.

क्लिदरोच्या पलीकडे त्याच्या आईचा गोठा होता.
चाळीस गाई.
गाय व्याली की शेजारी एक कॅन जायचा,
शेजारीण भट्टीत पुडिंग लावायची, वर जायफळच.
कॅन परत येताना धुवायचा नाही.
धुतला तर वासराला बाधतं.
"आन रिकामाबी देऊ ने," बाई म्हणाल्या,
"चिमूटभर साखर टाकावी."

त्यानं विचारलं, "वासराला आधी मिळालं का?"
मी विचारलं.
"त्येचं प्वाट भरल्याबिगर
मी सडाला हात लावीन व्हय?"

ट्रेव्हरनं माझा शब्द खोडला, आपला लिहिला.
स्पेलिंग आठवावं लागलं नाही.
खाली वजन, तारीख, सही,
आणि बाटली पिवळ्या पिशवीत, पिशवी डब्यात.
हात थरथरला वगैरे नाही.
दोन हजार एकला लाळ्या-खुरकूत आली
तेव्हा ते चाळीसही जाळले गेले,
तो रस्त्यावर उभा होता, वडील घरात.
दुधाचा नियम त्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

"जाळता का वो हे?"
"जाळतो."
"दूध जळू ने. गाईच्या सडाला चिरा पडत्यात."
हे वाक्य मी इंग्रजीत नेलं नाही.

जायफळ, गूळ, वेलदोडे बाईंनी पुन्हा नीट भरले.
कुणावर राग नव्हता,
निदान आम्हाला दिसेल असा.
जाता जाता टॉवेल तेवढा मागितला,
"सुनेच्या माहेरचा हाय."

टॉवेल ओला होता. एका कोपऱ्यात चांगलाच.
नियमानं तोही डब्यातच जायचा.
ट्रेव्हर फॉर्मची दुसरी प्रत शोधत बसला,
ती त्याच्या समोरच होती.

मी टॉवेल दिला,
न पिळता.