बाड

हॅलिफॅक्सच्या चढावरलं घर रिकामं करायला
कौन्सिलनं मला पाठवलं, वजनकाट्यासकट.
सेल्विन ओल्डरॉइड, गालिच्यांच्या गिरणीतला फिटर.
वारला तेव्हा न्हाणीघरातसुद्धा बाडं होती,
टबात, प्लास्टिकखाली,
अठ्ठावीस वर्षांची.

एकच कादंबरी. सहाशे बारा किलो.
वाचणार कोण? मी नुसती मोजत होते,
मोजता मोजता जिन्यावर टेकले.

तिसऱ्या पानावर एक बाई चहाचं आधण ठेवते.
चार हजाराव्या पानावर अजून बुडबुडा नाही.
मधे गॅसची निळी ज्योत, ज्योतीमागं कोळशाची खाण,
खाणीत बाईचा आजोबा, त्याच्या बुटाचा खिळा,
खिळा ठोकणाऱ्याचं लग्न, लग्नात हरवलेला
एक हातमोजा, त्याचीच नव्वद पानं.
केवढं हे पाल्हाळ, मी पुटपुटले.

शेवटची वही शेजारच्या मिसेस क्रॅबट्रीनं आणून दिली.
हॉस्पिटलात लिहिलेली, अक्षर पार ढासळलेलं.
म्हणाली, "मॉडची सकाळ आहे ही.
किटली वाजली, तेव्हा हा परसात होता.
बंद करायला कोणी उठलंच नाही."

वहीत एवढंच: झाकण जरासं हललं, आणि
पुढं पूर्णविराम नाही.

मी ती काट्यावर ठेवली.
काटा हललाच नाही.