चपार

बाप सांगायचा, सफार म्हणजे कुंपण.
काटेरी, गचपणाचं, गुरं अडवणारं.
आणि लाडात आलं की आमच्या बास्क बोलीत
‘स’चा ‘च’ होतो,
वस्तू लहान होते,
मांडीवर घेण्याजोगी.
सफारचं चपार.
म्हणजे कुंपणाचं पोर.

त्याच्या गावी, पिरेनीजच्या उतारावर,
घरामागे होतं एक. गुडघ्याएवढं.
कोंबड्या त्यात चोरून अंडी घालायच्या,
आणि आत हात घालायला हात लहान लागतो
म्हणून त्यालाच धाडायचे.
मनगटावरचे ते ओरखडे
सत्याहत्तराव्या वर्षीही दाखवायचा मला,
नसलेले.

शब्द त्याच्या कितीतरी आधी निघाला होता.
डोंगर उतरून स्पेनमध्ये खुज्या ओकाला चिकटला,
गलबतातून मेक्सिकोला गेला,
बुटक्या माणसालाही चिकटला.
माझ्याकडे चामडं कापणारा एउसेबियो
चार फूट अकरा इंच,
त्याला सगळे चापारो म्हणतात.
तो ओ देतो.

मग कॅलिफोर्निया.
इथे कुणीतरी डोंगरच्या डोंगर दाखवून
म्हणालं, चापाराल.
त्यातून घोडा घालायचा तर पाय सोलून निघतात,
म्हणून विजारीवर चामडं आलं,
आणि त्या चामड्यालाही तेच नाव, तुटकं, चॅप्स.
मी तेच शिवते. बेकर्सफील्डला, एकोणतीस वर्षं.
लाडाचा शब्द
शेवटी मांडीवर आलाच.

कोशात या वाटेपुढे ‘बहुधा’ लिहिलंय.
बापाला ‘बहुधा’ मान्य नव्हतं.

ऑगस्टात सहा दिवस डोंगर जळत होता.
मेंढ्या खाली आणल्या, गोठा गेला.
विमा कंपनीची बाई आली, तिने अर्ज भरला:
चापाराल, चारशे एकर.
बापाने त्या ओळीवरून बोट फिरवलं
आणि त्याला हसू आवरेना.
चारशे एकर एवढुसं?
चारशे एकर, ग्राशियाना, एवढुसं?
बाई माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हटलं, धूर गेलाय त्याच्या छातीत.

फेब्रुवारीत तो म्हणाला, वर चल.
काठी टेकत, दर वळणावर थांबत.
राख पावसाने बसली होती,
काळे खुंट उभे, हात वर करून मेल्यासारखे.
तो एका खुंटाशी वाकला.
बुडातून कोंब फुटले होते, बोटाच्या पेराएवढे,
पानाच्या कडेला काटे आत्ताच,
पण ओले, मऊ.
त्याने अंगठा दाबला. काटा वाकला.

टोचतं का?
अजून नाही, म्हणाला,
आणि मग तो शब्द म्हणाला, ‘च’ने,
दात नसलेल्या तोंडाने,
आणि मी पहिल्यांदाच ऐकला तो
त्याच्या मूळ मापाचा.

उठताना त्याला माझा खांदा लागला.
अर्ध्या वाटेवर म्हणाला,
कोंबड्या आणायला हव्यात.