खंड सत्तेचाळीस

खडू पाण्यात बुडवून लिहिला
की वाळल्यावर अक्षर पांढरंफेक उमटतं.
हे मला कुस्तोदियोनं शिकवलं, आमच्या बांधणी विभागातल्या.
तेव्हापासून सोमवारी फळ्यावर हात माझाच :

मोडीचा वर्ग शनिवारपासून. बोरू मिळेल, शाई आपली आणावी.
जन्मनोंदीची नक्कल आठ दिवसांत.
पोर्तुगीज कागदांचा मराठी सारांश : जाणकार रजेवर, चौकशी करावी.
वाळवीच्या औषधामुळे दुसरा मजला बुधवारी बंद.
एकवीस तारखेपासून प्रदर्शन, ‘नोंदलेला गाव’.
सर्वांना प्रवेश.

‘सर्वांना’ लिहिताना फळा नेहमी कमी पडतो.

पणजीत मांडवीवरचं खारं वारं आत येतं, कागद मऊ पडतात,
माणसंही येतात,
लिस्बनची घाई कपाळावर घेऊन.
आजोबांच्या नावातलं एक अक्षर आडवं आलेलं असतं :
इथे विष्णू, तिथे विसनुं.
दोघे एकच होते, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं.
बांधावरून भांडलेले भाऊ येतात,
एकाच नकाशासाठी दोन अर्ज भरतात
एकाच पेनानं. ते आमचं. दोरीला बांधलेलं.

प्रदर्शनाची वही मी निवडली होती.
फोंड्याकडच्या एका गावाची, सरमिसळ,
कुणा जुन्या बांधणाऱ्यानं
जन्म आणि जमिनी एकाच दोऱ्यात शिवलेली.
पान एकशे बारा उघडं ठेवायचं ठरलं,
अक्षर फार देखणं म्हणून.
डायरेक्टरबाई म्हणाल्या, वा.

गुरुवारी जेवणानंतर हेमांगी मयेकर आल्या.
अर्ज नाही, पावती नाही, पिशवीत पाव.
‘फळा वाचला. कुठलं पान उघडं असणार?’
मी दाखवलं, थोडं मिरवूनच.
त्यांनी काचेपासून वीतभर वर बोट धरलं, तिसऱ्या ओळीवर.
‘ही माझ्या आजीची आई.’

मूल : मुलगी.
आई : तानू, देवळाची.
बाप : इन्कॉग्नितु, अज्ञात.
कारकुनानं त्या शब्दाची शेपटी
लफ्फेदार वळवून खालच्या ओळीपर्यंत ओढली होती.
बाईंना आवडलं होतं ते अक्षर हेच.

मला वाटलं, आता म्हणतील, हे झाका.
मनात मी दुसरं पान शोधूही लागलो होतो.
‘गावाला माहीत होता,’ त्या म्हणाल्या.
‘त्याचं कुळागर ह्याच वहीत असेल. बघा ना.’

होतं. पान एकशे अठरा.
पोफळी तीनशे दहा, माड एक्केचाळीस, फणस दोन,
पाण्याचा पाट, त्याच्या पाळीचे वार,
मालकाचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्या आजाचं,
पूर्ण, एकाही अक्षराची काटकसर न करता.
तीच शाई. शेपटीही तीच.

‘दोन्ही दिसू द्यात,’ त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, वही एकाच ठिकाणी उघडते, बाई.
‘मग एक दिवस हे, एक दिवस ते.’
पान उलटून मिळण्यासाठीचा फॉर्म आमच्याकडे नाही.
त्यांनी तो मागितलाही नाही.
एक पाव काढून टेबलावर ठेवला
आणि बस गाठायला गेल्या.

संध्याकाळी कपाटांना कुलपं घालून
मी खडू पुन्हा भिजवला, उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं :

वहीचं पान रोज सकाळी साडेनऊला उलटलं जाईल.
पाहणाऱ्यांनी दोन दिवस यावं.

डायरेक्टरबाई निघता निघता थांबल्या.
वाचलं. पुन्हा वाचलं.
‘उलटलं’वरचा अनुस्वार माझ्याकडून राहिला होता.
त्यांनी माझ्या हातातून खडू घेतला, तो दिला,
आणि छत्री शोधू लागल्या.