हैमाच्या पुढे, चाळीस किलोमीटर

माझ्या नकाशात ह्या जागेचा रंग फिकट पिवळा.
सूचीत लिहिलंय : पडीक.
मीच भरलाय तो रंग, मस्कतच्या एसीत बसून,
चहा यायच्या आधी, एका क्लिकमध्ये
बाराशे चौरस किलोमीटर.

आज त्या पिवळ्यात उभा आहे.
गाडीचं बॉनेट तापलंय, जीपीएस उपग्रह शोधतोय,
आणि पडीकातून एक म्हातारी चालत येते,
मागे एकवीस शेळ्या,
शेळ्यांमागे सिल्हेटचा दिलावर,
महिना नव्वद रियालवर ठेवलेला.
तोच दुभाषा. तिचं बोलणं त्याच्या हिंदीतून
माझ्यापर्यंत पोचतं, वाटेत थोडं सांडतं.

थमना विचारते : ह्या खुंट्या कसल्या?
कुंपण, मी सांगतो. आत पवनचक्क्या.
वीज येईल, रस्ता येईल, नातवंडांना नोकऱ्या.
हे माझ्या तोंडी इतकं बसलंय
की बोलता बोलता मी दुसरंच काही बघू शकतो.
मी तिची काठी बघत होतो.
टोकाला आकडी, काटेरी झाडाच्या शेंगा ओढायला.
आप्पांची अशीच.

ती म्हणते, ह्या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत
अकरा झाडं आहेत. मोज.
मला तीन दिसतात.
मग ती नावं घेते :
उंटीण व्यालेलं,
दोन भावांचं,
ज्याच्याखाली हमद तापाने गेला ते,
आणि एक, ज्याचं नाव दिलावरला हिंदीत आणता येत नाही,
तो नुसता कानामागे खाजवतो.

टँकर नव्हते तेव्हा
पहाटे समुद्राकडून धुकं यायचं, ती सांगते.
आम्ही झाडांवर घोंगड्या टाकायचो
आणि उजाडायच्या आत पिळायचो.
एका घोंगडीवर एक माणूस जगायचं,
आणि दोन करडं.

दिलावर 'कंबल' म्हणाला होता.
घोंगडी माझ्या कानात झाली,
भिजल्या लोकरीच्या वासासकट.

म्हसवडच्या वरच्या माळावर पहिलं पातं फिरलं
त्या वर्षी आप्पांनी कळप मोडला.
दिवाळीनंतर कोकणात उतरायची वाट
साखळीच्या पलीकडे गेली होती,
साखळीपाशी शिट्टीवाला वॉचमन.
"पात्याची सावली अंगावरनं गेली की मेंढरं बुजत्यात,"
एवढंच म्हणाले.
घोडं विकलं. मला डिप्लोमाला घातलं.
सर्वेक्षणात मी वर्गात पहिला होतो.

त्या रात्री हैमात, पेट्रोल पंपामागच्या खोलीत,
कुंपण क्रमांक सातला मी एक फाटक काढलं.
चार मीटर रुंद.
उंटीण व्यालेल्या झाडासमोर.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : देखभाल.
कोणी विचारलं नाही.

फाटक झालं. खरंच झालं, मार्चमध्ये.
त्याला कुलूप आहे.
किल्ली मस्कतला, सुरक्षा विभागात,
अर्ज केल्यावर कामाच्या सात दिवसांत मिळते.
थमनाला लिहिता येत नाही,
आणि शेळ्यांना सात दिवस म्हणजे काय ते कळत नाही.

काल दिलावरने फोटो पाठवला.
फाटकाला टेकून शेळ्या बसल्यात,
आखरावर बसाव्यात तशा, रवंथ करत.
तारेला जीभ लावून एक करडू दव चाटतंय.
आणि कुंपणावर, माझ्या सरळ रेषेवर,
दोन खांबांच्या मध्ये
एक घोंगडी टाकलेली, जड, खाली ओघळलेली,
तिच्या खाली निळी बादली.

मी तो गावाकडे पाठवला.
आप्पांनी डोळ्यांजवळ धरून बघितला म्हणे बराच वेळ,
मग फोन केला.
मी कुठे आहे, जेवलो का, काही नाही.
म्हणाले,
"त्या बाईला सांग, पिळाय उशीर झालाय.
ऊन आलंया बघ खांबावर."