गटात न बसणारे

पाकीट सीलबंद होतं, अशी सही
दोन मुलांची घ्यायची असते.
एकाने केली झोकात,
दुसऱ्याने, आडनाव आधी की नंतर, असं मला विचारून.
मग सूचना वाचल्या.
त्यांत पदरचं काही मिसळायचं नसतं,
स्वल्पविरामसुद्धा त्यांचाच.
‘वर्तुळ पूर्ण काळे करावे.
एकदा काळे केलेले वर्तुळ बदलता येणार नाही.’

अक्कलकोट रोडच्या आत ही शाळा.
फेब्रुवारी, आणि पत्रा साडेदहालाच तापलाय.
मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू,
आज परीक्षा आहे हे त्याला कुणी कळवलेलं नाही.
पंचवीसपैकी चोवीस हजर.
गैरहजराची प्रश्नपत्रिका माझ्या टेबलावर, पालथी.
पर्यवेक्षकाने ती वाचू नये.
मी बांगडी सारखी करता करता उलटली.

तिसऱ्या बाकावर भार्गवी येमुल.
सकाळी गेटाशी तिची अम्मा
तिला तेलुगूत काहीतरी बजावत होती,
बोटांची टोकं तपकिरी, धुऊनही न जाणारी.
मला ती टोकं लांबूनच कळतात.

अकरा चाळीसला भार्गवीचं पेन थांबलं.
हात वर. ‘बाई, ह्यात तीन कुठले आणि एक कुठला?’
‘प्रश्न नीट वाच आणि सोडव.’
एवढंच बोलायची मुभा आहे, तेवढं बोलले.
तिच्या संचात तो एक्केचाळिसावा,
माझ्या हातातल्या संचात शोधावा लागला:

गटात न बसणारा शब्द ओळखा.
सुई, दोरा, तंबाखू, कात्री.

कात्री म्हणजे आईच्या उजव्या हाताचं सहावं बोट.
दोरा दातात. तंबाखू सुपात,
सूप मांडीवर,
मी मांडीवर मावेनाशी झाले तरी सूप मावायचं.
पानं ओल्या फडक्यात गुंडाळून निजवलेली,
त्यांच्या शेजारी आम्ही तिघी.
हजार भरल्या की ब्रँचला.
तिथला कारकून मूठभर उचलायचा
आणि छाट काढायचा, बोलत बोलत, दुसरीकडे बघत.
का, ते विचारायचं नसे.
सुई मात्र आमच्याकडे नव्हती.
बटण तुटलं तर नरसम्माकडून आणायची
आणि दिवेलागणीच्या आत परत,
उसनी सुई घरात ठेवू नये म्हणे.

भार्गवीने एक नंबरचं वर्तुळ भरलं.
सावकाश, कडेपर्यंत,
शाई जराही बाहेर जाऊ न देता,
दोन्ही टोकं दुमडून विडी बंद करावी तसं.
सुई.

ज्याने प्रश्न काढला त्याच्या घरी
शिवणाचा डबा असणार, बिस्किटांचा जुना.
उत्तरसूचीत तीन असणार.
मी खिडकीपाशी गेले, पल्ला ओढून घेतला,
मागाचा आवाज तेवढाच आला.

दुपारचा पेपर सुटल्यावर केंद्रसंचालकांच्या खोलीत
उत्तरपत्रिकांचं गाठोडं कापडात शिवायचं काम.
बिराजदार सरांनी चष्मा कपाळावर चढवला,
टेबलावर दाभण (दाभण म्हणजे सुईच, थोरली),
जाड दोऱ्याचं रीळ,
कात्री, मुठीला चिंधी बांधलेली.
मल्लिनाथ शिपाई लाख वितळवायला वाकला
तशी त्याच्या खिशातून पुडी पडली,
ती त्याने उचलून तिथेच ठेवली, टेबलावर,
‘तंबाखूमुक्त शाळा’ या पाटीच्या बरोब्बर खाली.

चौघं अशी शेजारी शेजारी.
मी बघत राहिले.

अहवालात एक रकाना असतो: अनुचित प्रकार.
तिथे लिहिलं, निरंक.
खाली सही, वेळ, आडनाव नंतर.

‘ओ मॅडम,’ टाक्यावरची नजर न काढता
बिराजदार सरांनी हात पुढे केला,
‘तेवढं ते इकडं सरकवा की.’

कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही.